हेड्रिकच्या पेटीतला चंदेरी कागद

मित्रांनो, कोणत्याही कारखान्याच्या यादीत माझे नाव सापडणार नाही. मी गिटारचा एक जुना ॲम्प्लिफायर आहे. शिलाँगच्या मावखार भागात, रेडिओ दुरुस्तीच्या एका चिंचोळ्या दुकानात, एका माणसाने मला स्वतःच्या हातांनी बनवले. गिटारच्या तारांमधून येणारी कुजबुज घ्यायची, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये ती तापवायची आणि स्पीकरमधून गर्जना करत बाहेर सोडायची, हे माझे काम. बाहेरचे लोक मला ॲम्प म्हणतात. ज्यांच्या घरात मी वाढलो, ते मला नुसते ‘पेटी’ म्हणत.

मला बनवणाऱ्याचे नाव बाह हेड्रिक; खासीत बाह म्हणजे दादा आणि काँग म्हणजे ताई. लष्कराने मोडीत काढलेले वायरलेस संच त्याने लिलावात घेतले होते. माझे काचेचे व्हॉल्व्ह त्यांतलेच. खोके पाइनच्या फळ्यांचे, मूठ कुणाच्या तरी फाटक्या प्रवासी बॅगेची. माझा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा ट्रान्सफॉर्मर मात्र त्याने स्वतः गुंडाळला. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे अडीच हजारांहून जास्त वेढे, प्रत्येक थरावर पातळ कागद, आणि सगळ्यावर वितळलेले मेण. सतरा दिवस लागले.

अठराव्या दिवशी त्याची बायको, काँग ट्रिसिला, दारात उभी राहून म्हणाली, “एवढ्या वेळात शेजारणीने दोन स्वेटर विणले. तुझं हे अंगात तरी घालता येईल का?”

“अंगात नाही, कानात घालायचं,” हेड्रिक म्हणाला.

हे १९७१ सालचे. पुढची दहा वर्षे मी लग्नांत गरजलो, शाळांच्या मैदानांवर गरजलो, पावसाळी दुपारी पत्र्याच्या छपराखाली पावसाशी भांडलो. हिवाळ्यात लोक माझ्या पाठीमागे हात शेकत, म्हणून कुणी मला ‘हेड्रिकची शेगडी’ म्हणे. मला त्याचा राग येत नसे. कौतुक कोणत्याही नावाने आले तरी गोडच लागते.

पण त्या कौतुकाची एक किंमत होती आणि ती माझ्या मालकाने मोजली. त्या चिंचोळ्या दुकानात तो माझ्यासमोर गुडघे टेकून बसे आणि तासन्‌तास माझा आवाज तपासत राही. आधी त्याला पाखरे ऐकू येईनाशी झाली. मग दाराची घंटा. मग काँग ट्रिसिलाची हाक. १९८० पर्यंत त्याचे दोन्ही कान जवळजवळ गेले. दोष सगळा माझा नव्हता, तरुणपणी त्याने मोठ्या इंजिनांपाशीही काम केले होते. तरी माझा वाटा मी नाकारत नाही.

त्यानंतर तो मला तळहाताने ऐकू लागला. हात माझ्या माथ्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे. कोणता व्हॉल्व्ह थकला, कोणता कथलाचा डाग सुटला, हे त्याला थरथरीवरून कळे.

काँग ट्रिसिला गिऱ्हाइकांना सांगे, “माझी हाक त्याला ऐकू येत नाही. पेटीला सर्दी झाली तर मात्र बोटांना कळतं!”

त्यांची धाकटी मुलगी रीमिका. आम्हा खासींकडे घर धाकट्या मुलीचे असते, आणि धाकटी मुलगी घराची असते. आई-बाप, चूल, आईचे दुकान, सगळे तिने सांभाळायचे. काँग ट्रिसिलाचे लाइतुमख्रा भागात जादोहचे दुकान होते. डुकराच्या मांसात शिजलेल्या त्या भाताचे पातेले सकाळी सातला चढे. रीमिका आईकडून भात शिकली आणि बापाकडून डाग द्यायला शिकली. गिटार ती कुणाकडून शिकली, ते कुणालाच ठाऊक नाही. बहुधा माझ्याकडूनच.

ती वाजवू लागल्यावर माझ्यापुढे जमिनीवर पायाने दाबायची दोन पेडल आली. पहिले ओव्हरड्राइव्ह, आवाजाला धार देणारे. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामेभावाने ते परदेशाहून आणले होते. दुसरे बूस्ट, सूर आणखी जोरात ढकलणारे. ते रीमिकाने बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत स्वतः बनवले. त्यात एक ट्रान्झिस्टर, एक बॅटरी, एक बटण, एवढेच.

मित्रांनो, माझा स्वभाव सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. माझे आवाजाचे बटण तीनवर ठेवले, तर मी जे मिळेल ते जसेच्या तसे मोठे करून देतो. सातवर माझ्या आवाजाला धार येते, तो हलका फाटतो, आणि ते फाटणेच ऐकायला लोक येतात. दहावर मी काठोकाठ भरलेला हंडा असतो. त्यानंतर बूस्टने माझ्यात कितीही ओतले तरी आवाज मोठा होत नाही. तो दाटतो, लांबतो, पण पुढे सरकत नाही.

रीमिकाला हे पक्के ठाऊक होते. म्हणून ती मला सातवर ठेवी. गाणे चालू असताना गिटारचे बटण अर्ध्यावर, म्हणजे मी शांत. ओव्हरड्राइव्हवर फाटणे कमी आणि जोर जास्त ठेवला, की ते माझा खालचा गढूळ घुमारा कापून मधला सूर पुढे आणी. एकट्या गिटारची पाळी आली की ती बूस्टवर पाय देई. माझ्यात थोडी जागा शिल्लक असे, म्हणून तेव्हा मी खरोखर उसळे.

तिच्या बँडमध्ये गायला कित्बोक होता. तिच्याहून दोन वर्षांनी लहान, सिनेमागृहात तिकिटे फाडण्याची नोकरी, तोंडात सदा क्वाय म्हणजे सुपारीचा विडा, आणि गळा असा की ऐकणाऱ्याने हातातले काम ठेवावे. जिंकायची त्याला भूक होती. त्यात वाईट काही नव्हते. भूक कुणाला नसते?

१९८३ च्या नोव्हेंबरात शहरात बँडची स्पर्धा ठरली. जिंकणाऱ्यांना कलकत्त्याला नेऊन त्यांच्या गाण्यांची तबकडी काढणार होते. त्या सुमारास काँग ट्रिसिलाचे गुडघे फार दुखू लागले होते. पातेले उतरवताना ती भिंत धरी. तिने मुलीला समोर बसवून सांगितले.

“जिंकलीस तर जा. मी कुणाला तरी मदतीला ठेवीन. नाही जिंकलीस, तर डिसेंबरपासून पातेली तुझी. माझे गुडघे आता वाट बघायला तयार नाहीत गं.”

“मेइ, आणि दुसरे आलो तर?” रीमिकाने आईला विचारले.

“दुसऱ्याला कलकत्त्याचं तिकीट आहे का?”

 त्या दिवसापासून रीमिका तारा जास्त जोरात छेडू लागली, हे मला कळले.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, जादोहच्या दुकानामागच्या खोलीत तालीम चालली होती. थंडीमुळे गावात घरोघरी हीटर लागलेले, विजेचा दाब खाली-वर होत होता. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर माझ्यात टक्‌ आवाज झाला आणि मी गप्प झालो. फ्यूज गेला होता.

खरे कारण वीज नव्हते. माझ्या शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एक म्हातारा झाला होता आणि झेपेल त्याहून जास्त वीज ओढत होता. फ्यूज तेच सांगत होता. हेड्रिकचा एक नियम होता. फ्यूज जळला तर कारण सापडेपर्यंत दुसरा घालायचा नाही. पण त्या वेळी हेड्रिक तिथे नव्हता आणि रीमिकाला आईने दुकानात हाक मारली होती. खोलीत कित्बोक एकटाच.

तो माझ्यापाशी उकिडवा बसला. फ्यूजचे टोपण फिरवून त्याने जळलेली काचनळी बाहेर काढली, उजेडात धरून पाहिली.

“दोन दिवस राहिलेत,” तो मला म्हणाला. माणसे एकटी असली की आमच्याशी बोलतात. “म्हातारा तुला उघडून बसला, तर शनिवार काही उजाडायचा नाही.”

त्याने खिशातून सिगारेटचे पाकीट काढले. आतला चंदेरी कागद फाडला, त्या मेलेल्या नळीभोवती घट्ट गुंडाळला आणि नळी परत माझ्या घशात बसवली. टोपण फिरवले. दिवा लागला.

“शनिवार काढ फक्त. सोमवारी नवा घालतो. शपथ.”

तेवढ्यात रीमिका परत आली. “काय झालं होतं?”

“काही नाही, काँग. पिन सैल झाली होती.”

मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळले की मला आवाज आहे, पण शब्द नाहीत. कुणी तार छेडली तरच मी बोलतो, आणि जे छेडले तेच बोलतो. माझ्या घशात ‘थांब’ म्हणणारी एकच नाजूक तार होती, आणि तिच्या जागी आता असे काही होते की जे कधीच थांब म्हणणार नव्हते. शुक्रवारी दिवसभर मी वाट पाहिली. वाटले, हेड्रिक माथ्यावर हात ठेवील. पण तालमीला सुट्टी होती. मी बंदच होतो, आणि बंद पेटीच्या माथ्यावर हात ठेवून काय कळणार?

शनिवारी दुपारी सभागृह खचाखच भरले. गुवाहाटीहून भाड्याने आणलेले, कपाटाएवढे ट्रान्झिस्टरचे ॲम्प घेऊन एक बँड आमच्या आधी वाजवून गेला. खुर्च्या हादरल्या. माणसे उभी राहून ओरडली.

कित्बोक मला उचलून रंगमंचावर ठेवताना म्हणाला, “त्यांनी हत्ती आणले, आणि आपण शेगडी.”

“शेगडीने हत्तीही भाजतो,” रीमिका म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता.

हवा लागावी म्हणून तिने माझी मागची फळी काढून ठेवली. तिसऱ्या रांगेत हेड्रिक आणि काँग ट्रिसिला बसले होते.

पहिले गाणे चांगले झाले. मी सातवर होतो. टाळ्याही पडल्या, पण मघासारख्या नाहीत. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, “ऐकू येत नाही! बॅटरी संपली का?” सभागृह हसले.

कित्बोक माइकपासून तोंड वळवून म्हणाला, “काँग, दहावर ने.”

“दहावर जागा उरत नाही. बूस्ट उसळणार नाही मग.”

“मागच्यांना तू दिसतेयस फक्त, ऐकू येत नाहीयेस! हरायचंय का तुला?”

रीमिकाने मागच्या रांगेकडे पाहिले. मग तिसऱ्या रांगेत, आईकडे. मग ती वळली आणि तिने मला दहावर नेले. ओव्हरड्राइव्ह चालू केले आणि बूस्टही. दोन्ही. पहिल्यापासून.

खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. दुसरे गाणे तिने स्वतः बांधले होते, संथ लयीचे. पहिला सूर माझ्यातून निघाला तेव्हा तो भिंतींना टेकला आणि तिथेच राहिला. ती एक तार छेडी आणि तो सूर मधासारखा ओढत जाई, तुटत नसे. मागची रांग गप्प झाली. कित्बोक गाऊ लागला. अशा वेळी आपल्या घशात काय आहे ते कुणाला आठवते? मलाही आठवले नाही.

मग म्हाताऱ्या व्हॉल्व्हने धीर सोडला. त्याच्या आतला राखाडी पत्रा आधी तांबूस झाला, मग चेरीसारखा लाल. त्यातून वीज बेलगाम वाहू लागली. याच क्षणासाठी फ्यूज असतो. एका श्वासात तो जळला असता आणि मी सुखरूप गप्प झालो असतो. चंदेरी कागद जळला नाही. त्याने सगळी वीज आत येऊ दिली. माझ्या ट्रान्सफॉर्मरवरचे मेण वितळून खाली ठिबकू लागले.

रीमिकाची पाठ माझ्याकडे होती. तिला एवढेच कळले की सूर फुलण्याऐवजी कोमेजतोय. एकट्या गिटारची पाळी यायला थोडाच वेळ होता. तिने बूस्ट बंद करून पुन्हा दाबले. आवाज वाढला नाही, उलट बारीक झाला. तिला वाटले, डबीतली बॅटरी उतरली. तिने वाकून बूस्टचे बटण आणखी चढवले. माझ्यावर आणखी भार आला.

कित्बोकने दोन ओळींमध्ये श्वास घेताना मागे पाहिले. माझ्या उघड्या पाठीतून लाल उजेड भिंतीवर पडला होता, आणि त्यात धुराची एक रेघ वर चढत होती. यामागचे कारण सभागृहात एकट्या त्यालाच ठाऊक होते.

त्याचे तोंड उघडेच राहिले. पुढची ओळ त्याने गायली नाही. ड्रम वाजवणाऱ्याने ताल सांभाळला. रीमिकाने मानेने खुणावले, गा. कित्बोकने माइक दोन्ही हातांनी धरला होता. त्याच्यासमोर शांत झालेली मागची रांग होती, परीक्षक पुढे झुकले होते, आणि अर्ध्या मिनिटात गाणे संपणार होते.

तो आठ मात्रा तसाच उभा राहिला. मी त्या मोजल्या.

नवव्या मात्रेला त्याने माइक सोडला आणि तो माझ्याकडे धावला. माझे चालू-बंदचे बटण मागे, आतल्या बाजूला होते. त्याच्या शेजारीच उघड्या डागांवर चारशे व्होल्ट धावत होते. धुरात त्याला काही नीट दिसत नव्हते. त्याने हात आत घातला.

“हात काढ!”

एवढी मोठी हाक त्या सभागृहाने ऐकली नसेल. ज्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, त्याची ती हाक होती. हेड्रिक खुर्चीवर उभा होता. लाल उजेड त्यालाही दिसला होता. “मागे हात घालू नकोस! भिंतीतली पिन ओढ! पिन!”

कित्बोकची बोटे त्या डागांपासून वीतभर लांब थांबली. त्याने हात मागे घेतला, भिंतीकडे झेप घेतली आणि पिन उपटली.

मी विझलो. सभागृहात नुसता मेणाचा आणि जळक्या कागदाचा वास उरला. हेड्रिक रंगमंचावर चढला आणि हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला. बंद झाल्यावरही माझ्या पोटात माणूस मारण्याइतकी वीज काही वेळ राहते. ती उतरेपर्यंत त्याने कुणाला जवळ येऊ दिले नाही. आयोजकांनी घड्याळ पाहिले आणि पुढच्या बँडला बोलावले. अर्धवट गाण्याला गुण नव्हते.

मला मागच्या अंगणात नेले. तिथे रीमिकाने फ्यूजचे टोपण फिरवले. काळवंडलेला चंदेरी कागद तिच्या तळहातावर पडला. तिने तो उलगडला. कागद कोणत्या सिगारेटचा, ते बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक होते.

“पिन सैल झाली होती, नाही का?” ती म्हणाली.

“काँग, मी सोमवारी...”

“माझ्या हातात गिटार होती, कित्बोक. पापाच्या पेटीला जोडलेली. झटका मला बसला असता, तुला कळतंय का?”

तो रडू लागला. “मी थांबलो. लाल दिसलं तरी थांबलो. वाटलं, आता संपेलच गाणं.”

हे त्याने सांगितले नसते, तर कुणालाच कळले नसते. आठ मात्रा फक्त मी मोजल्या होत्या. म्हणूनच त्याच्यावरचा माझा राग त्या अंगणातच निम्मा झाला.

रीमिकाने कागद मुठीत चुरगळला. “दहावर मी नेलं,” ती हळूच म्हणाली. “मला माहीत होतं, आणि तरी नेलं.”

हेड्रिकला यातले काही ऐकू आले नाही. तो सगळ्यांचे ओठ पाहत होता. त्याने माझा ट्रान्सफॉर्मर बोटाने दाबून पाहिला. बोट मेणात रुतले. मग तो कित्बोकला म्हणाला, “माझी नजर आता बारीक तारेला पुरत नाही. तुझी पुरते. सोमवारी ये.”

सोमवारी कित्बोक आला. दुकानात हाताने फिरवायचे एक चाक होते. हेड्रिकने जुनी जळकी तार सोडवली, नवी लावली आणि सांगितले, “मोठ्याने मोज. मी ओठ बघतो.”

तेव्हापासून रोज कामावर जाण्याआधी कित्बोक चाक फिरवी आणि आकडे मोजी. हेड्रिक समोर बसून त्याच्या ओठांवरून नजर हलवत नसे. एखादा आकडा गळला की टेबलावर टकटक. मागे जा. अकराशे चाळीसाव्या वेढ्याला कित्बोकचा हात घाईने ओढला गेला आणि तार तुटली. त्याने डोके टेबलावर टेकले.

“बाह, मधे जोड दिला तर?”

हेड्रिकने त्याचे ओठ वाचले. त्याने सगळे अकराशे चाळीस वेढे उलगडायला सुरुवात केली.

डिसेंबर लागला होता. रीमिकाने पातेली हातात घेतली. दुपारी ती वडिलांचा डबा घेऊन येई, चाकाकडे पाही, कित्बोककडे पाहत नसे. असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी तिने दोन ताटल्या आणल्या. एक तिने कित्बोकपुढे आदळली.

“खा. उपाशी माणूस आकडे चुकतो.”

“चुकलो तर तुझे पापा टकटक करतात.”

“टकटक करून त्यांची बोटं सुजलीत. मेइ म्हणते, त्यांच्या मलमाचे पैसे तुझ्याकडून घ्यायचे.”

कित्बोक हसला आणि घास त्याच्या घशात अडकला. तिने त्याच्या पाठीत जोरात थापटले. गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.

जानेवारीत मला पुन्हा जोडले. नवा व्हॉल्व्ह, नवा ट्रान्सफॉर्मर, आणि घशात खराखुरा फ्यूज. तरी हेड्रिकने मला सरळ विजेला जोडले नाही. मध्ये एक साधा बल्ब लावला. आत कुठे चूक असेल, तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळी वीज स्वतःवर घेतो. चूक नसेल, तर क्षणभर उजळून मंद होतो.

काँग ट्रिसिलासुद्धा गुडघे धरत आली होती. हेड्रिकने बटण दाबले. बल्ब भगभगला.

 कित्बोकचे ओठ हलत होते. तो मोजत होता की प्रार्थना करत होता, ते मला ठाऊक नाही. बल्ब तसाच जळत राहिला. माझे व्हॉल्व्ह थंड होते, मला ऊब यायला वेळ हवा होता. मला ओरडून सांगावेसे वाटले, थांबा जरा. मग उजेड पिवळा झाला, मग केशरी, आणि शेवटी आतली तार जेमतेम तांबडी उरली.

“ठीक आहे,” हेड्रिक म्हणाला, आणि खालीच बसला.

बल्ब काढून त्यांनी मला नीट जोडले. रीमिकाने गिटार लावली. मी सहावर, ओव्हरड्राइव्ह अगदी हलके. तिने एकच तार छेडली आणि बूस्टवर पाय दिला. मी उसळलो. हेड्रिकचा तळहात माझ्या माथ्यावर होता.

“गळा बदललाय,” तो म्हणाला. “जरा घोगरा झालाय.”

“वाईट आहे का?” कित्बोकने विचारले.

हेड्रिकने त्याचे ओठ वाचले. “तू गुंडाळलास. तुझ्यासारखाच येणार.”

मित्रांनो, रीमिका कलकत्त्याला गेली नाही. ती तबकडी कधी निघाली नाही. तिने दुकान चालवले, आईला आणि पुढे वडिलांना शेवटपर्यंत सांभाळले, आणि शनिवारी दुपारी पातेली उतरली की दुकानातच वाजवले. तिला त्याचे दुःख नव्हते, असे मी म्हणणार नाही. कलकत्त्याच्या वाटेवरची गुवाहाटीची गाडी दुकानापुढून जाई, तेव्हा ती कधीकधी भाताचा डाव हातात धरून उभी राही. कित्बोकने तिकिटे फाडणे सोडले. हेड्रिकच्या दुकानात तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळू लागला. कोहिमाहून, जोवाईहून लोक जळलेले ॲम्प घेऊन त्याच्याकडे येत. फ्यूजच्या जागी तार किंवा कागद दिसला, की तो आधी मालकाला तासभर समोर बसवून समजावी आणि मग पेटीला हात लावी.

मग हलके, स्वस्त ॲम्प आले. त्यानंतर हातात मावणारे खोके आले, ते बटण दाबताच माझ्यासारखा आवाज काढतात. मला कोपऱ्यात ठेवले गेले. काही वर्षे माझ्यावर अंड्यांचे ट्रे होते. उंदरांनी माझे कापड कुरतडले. तरी वर्षातून एकदा कित्बोक येऊन मला उघडतो, पुसतो, हळूहळू तापवतो.

यंदा तो आला, तेव्हा त्याने तीनदा चष्मा पुसला आणि तरी डाग चुकला. डोळ्यात मोतीबिंदू आहे. हातही कापतो. रीमिकाने विचारले, “तुझ्यानंतर कोण रे?” त्याने माझी मागची फळी परत बसवायला घेतली. शहरात आता गुंडाळणारे दुसरे कुणी नाही.

म्हणून एवढे बोललो. मोठ्या आवाजाला घाबरू नका, मी त्याच्यासाठीच जन्मलो आहे. पण आपले कान जपा. आमच्यात थोडी जागा शिल्लक ठेवा. आणि ‘थांब’ म्हणणाऱ्याचे तोंड कधी बंद करू नका, मग तो काचेच्या नळीतला फ्यूज असो की घरातले कुणी.

आणखी एक मागणे आहे. तुमच्या घरात, गल्लीत एखादे जुने यंत्र असेल, तर ते भंगारात देण्याआधी ते उघडता येणारा माणूस शोधा. त्याच्याजवळ एक दुपार बसा, तो काय करतो ते पाहा, जमल्यास त्याच्या हातातले काम आपल्या हातात घ्या. यंत्राला उघडणारा शेवटचा माणूस गेला, की त्या दिवशी ते यंत्र खरे जुने होते. तो दिवस उजाडायच्या आधी जा.